परत ठेवलेला प्याला

वाईनरीत नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती बाईला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. बाहेरचे म्हणतात, तुमच्यात काय, चालतंच. आपले म्हणतात, तुला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही का? बाहेरच्यांना मी आयुष्यभर सांगत आले की बाबांनो, आमच्या शरणपूरच्या मंडळीत दारूच्या थेंबालाही थारा नाही, प्रभुभोजनाच्या प्याल्यातसुद्धा साधा द्राक्षरस असतो. आपल्या लोकांना मात्र काही समजावत बसले नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला दिंडोरी रोडच्या एका वाईनरीने प्रयोगशाळा दिली, तिने ती घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही, एवढीच ती हकिकत.

आता नाताळ अंकाच्या संपादकांनी गळ घातली, "ताई, तुमच्या कामाविषयी काहीतरी साक्षीसारखं लिहा, देवाने काय केलं ते." मी विचारलं, काम लिहू की साक्ष लिहू? म्हणाले, दोन्ही. बरं, दोन्ही लिहिते. पण साक्ष माझी नाही, शमुवेलची आहे. त्याला विचारून लिहिते आहे. नाव बदलू का, असंही विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या ताई, सगळ्यांना ठाऊकच आहे."

आधी काम. लोकांना वाटतं वाईन आम्ही बनवतो. खरं तर ती आपोआप होते. द्राक्षाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे जीव बसलेले असतात. द्राक्षं चिरडली आणि तीन-चार दिवस उबेत ठेवली की ते जीव रसातली साखर खायला लागतात, वर फेस येतो आणि खाली मद्य तयार होतं. आम्ही फक्त मध्ये पडून ते नीट होतंय ना, एवढं पाहायचं. हंगाम जानेवारी ते मार्च. त्या दिवसांत मी सकाळी टाकीटाकीतून नमुने काढायची, साखर तपासायची, आंबटपणा तपासायची आणि शेवटी घोट तोंडात घेऊन, गालांत फिरवून थुंकून टाकायची. हो, थुंकायचाच. गिळत बसलं तर दुपारपर्यंत प्रयोगशाळा आडवी.

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आधी म्हणाल्या, "बाईमाणसानं थुंकायचं, शोभतं का?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण गिळलीस तर बघ." त्यानंतर माझ्या हातांना त्या 'दारूचे हात' म्हणायला लागल्या. चहाला ते हात चालत, भाकरीला चालत, प्रभूच्या प्याल्याच्या रसाला मात्र चालत नसत. मंडळीचा तो रस करण्याचा मान आमच्या घराण्यात त्यांच्या सासूपासून चालत आलेला. काळ्या मनुका शनिवारी उकळायच्या, गाळायच्या आणि रविवारी सकाळी बरणी देवळात न्यायची. त्या बरणीच्या आसपास मी फिरकायचं नाही, असा दंडकच होता. मला राग यायचा, हसूही यायचं.

गिऱ्हाइकांचे मासले तर विचारू नका. चव बघायला येणाऱ्यांना आम्ही थुंकायला भांडं ठेवायचो. एक निवृत्त गृहस्थ ते भांडं बघून भडकले. म्हणाले, फुकट मिळालेली गोष्ट थुंकायची? एका मावशींनी रेड वाईनमध्ये सोडा आणि लिंबू मागितलं, वर जिरेपूड आहे का विचारलं. आणि एका अबोल शेतकऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दादा, वास घ्या, कशाकशाचे वास येतात सांगा. तो म्हणाला, "ओल्या गोणपाटाचा." सगळे हसले. मी ग्लास नाकाला लावला तर माणूस बरोबर होता, त्या बाटलीचं बूचच खराब निघालं.

एक खंत मात्र आहे. आमची बाटली दिंडोरीच्या मजुराच्या घरात जात नाही, असं मी मनाला समजावत असे. त्याच्या घरात दुसरी, स्वस्त देशी बाटली जात होती. हे उत्तर मला कधी पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आता शमुवेल साळवे. सातपूरच्या कारखान्यात फिटर होता, पंपांचा वस्ताद. दारूपायी नोकरी गेली. बायको वनिता मुलीला घेऊन माहेरी इगतपुरीला गेली. देवळात तो दिसेनासा झाला आणि लोकांनी त्याचं नाव टाकलं. मग एका शुक्रवारी प्रार्थनासभेला शेवटच्या बाकावर येऊन बसला, थरथरत, दाढी वाढलेली. पाळकसाहेबांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू केली, आणि रोज सकाळी त्याच्याबरोबर गुडघे टेकले. चमत्कार वगैरे झाला नाही. शमुवेल स्वतःच सांगतो की जन्मभराचं मागायची त्याची हिंमत नव्हती, तो फक्त त्या दिवसापुरतं मागायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असं करत तो उभा राहिला.

वनिता परत आली, पण एका अटीवर. ती अट तिने पाळकसाहेबांसमोर सांगितली, त्यामुळे सगळ्यांना माहीत होती. पुन्हा एकदा जरी संशय आला तरी ती काही विचारणार नाही, भांडणार नाही, बॅग भरून निघून जाईल आणि मग परत येणार नाही. तिला कठोर म्हणणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. ज्यांना नवऱ्याने लपवलेल्या बाटल्या शोधत घरभर हुंगत फिरावं लागलं नाही, त्यांनी बोलू नये.

काही महिन्यांनी शमुवेल माझ्याकडे आला. आमच्याकडे पंप सांभाळायला माणूस हवा होता, ते त्याला कळलं होतं. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? दारू सोडलीस आणि दारूच्याच कारखान्यात येतोस?" तो म्हणाला, सगळीकडे फिरलोय, माझी कीर्ती सातपूरभर पोचली आहे, कुणी उभं करत नाही. आणि मग म्हणाला, "ताई, दारू नाही असं नाशिक कुठे आहे? इथं निदान ती समोर दिसेल तरी." मी त्याच्यासाठी मालकांकडे शब्द टाकला आणि पहिले कित्येक दिवस माझाच जीव टांगणीला लागला.

टाक्यांच्या दालनाचं दार लोखंडी आणि जड. ते उघडण्याआधी शमुवेल रोज त्यावर तळहात टेकून क्षणभर डोळे मिटायचा. पोरं चेष्टा करत, "थांबा रे, साळवेंना वरून परवानगी आल्याशिवाय दार उघडत नाही." तो हसायचा आणि आत जायचा. आत म्हणजे कुठे, तर जिथे हंगामात नुसत्या वासाने नवख्याला गरगरतं तिथे. एकदा टाकी बदलताना जोरावर असलेला पाइप निसटला आणि लालभडक वाईनची धार थेट शमुवेलच्या तोंडावर. डोक्यापासून बुटापर्यंत भिजला. मी काचेतून पाहत होते. माणूस असा अचानक भिजला की तोंड उघडतोच, निदान जीभ तरी ओठांवरून फिरतेच. त्याने डोळे मिटले, ओठ दातांत धरले, आंधळ्यासारखा चाचपडत पंप बंद केला आणि तसाच नळाखाली जाऊन उभा राहिला. खूप वेळ उभा होता. बाहेर आला तेव्हा खालचा ओठ फुटलेला होता. म्हणाला, "मॅडम, वनिताला तुम्ही फोन करून सांगा. कपड्यांना वास राहील." कामावर तो मला मॅडम म्हणायचा आणि देवळात ताई. मी फोन केला. वनिताने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही सांगताय ना, मग ठीक आहे. मला तेव्हा त्यातलं काही खटकलं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं लिहायला बसले तो. मार्चचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. आमच्याकडे छोटे प्याले तबकात ठेवून बाकाबाकावरून फिरवतात. प्रत्येकाने आपला प्याला उचलून हातात धरायचा आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम प्यायचं. त्याआधी ते दर वेळी बजावतात की कुणाच्या मनात वैर असेल, कुणी पाप लपवलं असेल, तर त्याने हात आवरता घ्यावा. त्यामुळे प्याला न घेणं म्हणजे भर मंडळीत आपलं पाप कबूल करणं. मी लग्न होऊन आल्यापासून तरी कुणी तसं केलेलं पाहिलं नव्हतं.

पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. वनिता माझ्या पुढच्या बाकावर, आणि शमुवेल पलीकडे अगदी तिच्या नजरेसमोर. त्याने भाकर घेतली. प्याला उचलला, छातीशी धरला, मग जरा वर नेला आणि थबकला. चेहरा पांढरा पडला. तबक एव्हाना दोन माणसं पुढे गेलं होतं. त्याने हात लांब करून ते थांबवलं आणि भरलेला प्याला परत त्यात ठेवला. काचेचा बारीक आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला.

वनिताची पाठ ताठ झालेली मला दिसली; हातातल्या प्याल्याकडे तिचं लक्षच उरलं नव्हतं. तेवढ्यात पाळकसाहेबांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी प्याले तोंडाला लावले. माझ्या जिभेवर तो घोट आला आणि माझा जागच्या जागी पुतळा झाला. रस नव्हता तो. कोवळी, फसफसणारी वाईन होती, आमच्या टाक्यांमध्ये चौथ्या दिवशी असते तशी. बोटभर प्याल्यात इतरांना ती फक्त जरा आंबट लागली असेल. अख्ख्या देवळात ती ओळखणारी माणसं दोनच, एक मी आणि एक तो. आणि त्या दोघांपैकी एकाला ती थेंबभरसुद्धा चालणार नव्हती.

उपासना संपताच मी बाहेर धावले, पण नवरा-बायको निघून गेली होती. आवारात कुजबुज सुरू झालीच होती. एकीने सुस्कारा टाकला, "शेवटी पालथ्या घड्यावर पाणी." दुसरा म्हणाला, निदान प्रामाणिकपणे प्याला तरी ठेवला. कोणी वाईट माणसं नव्हती ती. जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा अर्थ लावत होती. मी सासूबाईंना हाताला धरून घरी आणलं.

त्यांची बरणी त्यांच्या खोलीत खिडकीखाली होती, तोंडाला पांढरा दादरा बांधलेली, तळाशी थोडा रस उरलेला. मी म्हटलं, आई, मला वास घेऊ द्या. त्या म्हणाल्या, हात लावू नकोस. मी हात मागे बांधून वाकले आणि वास घेतला. मग विचारलं, या वेळी काय केलंत? त्यांनी सरळ सांगितलं. गुडघे दुखत होते, शनिवारी शेगडीपाशी उभं राहवणार नाही, म्हणून बुधवारीच मनुका उकळून ठेवल्या. त्यात नुसत्या मनुका बऱ्या दिसेनात, म्हणून मीच आणलेली काळी द्राक्षं हाताने चिरडून घातली, कच्चीच. चव ताजी राहावी म्हणून. फेस आला तो त्यांना ताजेपणाच वाटला. हंगामाचे दिवस, मी पहाटे जाऊन रात्री येत होते, माझ्याच कपड्यांना इतका वास की घरात वेगळा वास कोणाला कळणार?

मी त्यांना सालीवरच्या जिवांचं सगळं समजावून सांगितलं. त्या पलंगावर बसल्या. जन्मात दारूला न शिवलेली ती बाई, तिच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, "म्हणजे मी सगळ्या मंडळीला दारू पाजली."

"थोडीशीच हो, आई."

"थोडीशी म्हणजे काय गं?" आणि मग त्यांना खरी गोष्ट उमगली. "म्हणजे त्या एकट्यानं घेतली नाही. आणि त्यालाच लोक नावं ठेवतायत. रिक्षा बोलाव."

पुढच्या रविवारी त्या काठी टेकत मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं बोलल्या, ते आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलंय. ते मी सांगत नाही. मी त्या दुपारचं सांगते, कारण तिथे आम्ही चौघंच होतो.

सातपूरला त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. सासूबाई पायरीपायरीवर बसत चढल्या, बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. माझ्या हातात तर दिलीच नाही. दार उघडंच होतं आणि दाराशी भरलेली बॅग. मुलगी शेजारी गेली होती. वनिता केस विंचरत होती, निघण्याच्या तयारीत. शमुवेल खुर्चीवर बसला होता, रविवारच्या इस्त्रीच्या कपड्यांत, हात गुडघ्यांवर. सासूबाईंनी कोणालाही नमस्कार-चमत्कार केला नाही. बरणी वनितापुढे धरली आणि म्हणाल्या, "हुंग."

वनिताने हुंगलं आणि दचकून मागे सरली. तो वास तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मग सासूबाईंनी आपली चूक सांगितली, मी मध्ये मध्ये माझ्या कामाची भर घातली. शमुवेल खाली बघत होता. पकडला गेल्यासारखा दिसत होता, आणि खरंच, त्याने झाकलेलं आम्ही उघडं करत होतो. या म्हातारीच्या हातून असं झालं हे चारचौघांत कळू नये, म्हणून तो देवळातून एक शब्द न बोलता निघून आला होता. मलाही त्याने हाक मारली नाही, कारण ती माझी सासू.

सासूबाईंना ते कळलं. त्या त्याच्यावरच चिडल्या. म्हणाल्या, "अरे शमू, प्रभूच्या मेजावरचा प्याला होता तो. एवढासा. घेतला असतास तर देवानं काही धरलं नसतं."

"आजी, तेच तर माझ्या मनात आलं," तो म्हणाला. "वास आला तसं सगळं अंग म्हणायला लागलं, घे, हा तर प्रभूचाच प्याला आहे, याला कोण नाही म्हणतं? बारमध्ये बोलावलं तर मला नाही म्हणता येतं. पण इतकं चांगलं कारण मला कुणी कधी दिलं नव्हतं. तेव्हाच मी घाबरलो. म्हटलं, प्रभू, हे तुझं नाही, माझं आहे. आणि ठेवला."

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली. मोहाबद्दल इतकं नेमकं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला त्या माणसापुढे मानाने उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी उभी राहिलेसुद्धा, उगीचच, हातात पर्स धरून.

वनिताचा चेहरा मात्र सैल झाला नव्हता. ती त्याच्याकडे वळली. देवळातून येताना रिक्षात मी तुमच्या शेजारी बसले होते, ती म्हणाली. इथं तुमच्यासमोर बॅग भरली. तुम्ही नुसते बघत बसलात. मंडळीत नाही, पण मला तरी सांगायचं होतं, का नाही सांगितलंत?

शमुवेल म्हणाला, "काय सांगणार होतो? 'मी प्यायलेलो नाही,' हेच ना? हे वाक्य मी पिऊन आलो की दर वेळी तुला ऐकवायचो. मुलीची शपथ घेऊन ऐकवायचो. खोटं बोलायला ते वापरून वापरून संपवलं मी. आज खरं बोलायचं होतं, तर दुसरं वाक्य कुठून आणू? म्हणून देवाला म्हटलं, तुला माहीत आहे, तिला कळवायचं तर तूच कळव."

सासूबाईंकडे एरवी प्रत्येक प्रसंगाला एक वचन तयार असायचं, त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. वनिताने त्यांच्या मांडीवरची बरणी उचलली, आत नेली, मोरीत ओतून घासघासून धुतली. बाहेर आली ती ओले हात पुसत. दाराशी गेली, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो मान खाली घालून रडत होता.

"यापुढे तुम्ही सांगत जा," ती म्हणाली. "मी खरं मानत जाईन."